खाट आणि हातोडे

"अंगात ना स्वेटर, ना डोक्याला काही! मरायचंय का या थंडीत?" ट्रकच्या खिडकीतून खाली वाकून नेव्हिल केवुडने विचारलं.

बर्निस यार्ड ओलांडून तशीच धावत आली होती. डिसेंबरातला बुधवार, दुपारचे दोन, आणि नदीवरून येणारा वारा कान कापत होता. बावीस वर्षं ड्रायव्हरांच्या तासांचा हिशेब ठेवणारी ही बाई ऑफिसातल्या हिटरपासून कधी दोन पावलं लांब जात नसे. ती यार्डात आली म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"खाली उतर, नेव्ह. ऑफिसात चल."

"थांब गं जरा. हा कोट धड बसत नाहीये. खांदेच नाहीत त्याला, पट्टा लावला की घसरतो."

शेजारच्या सीटवर एक निळा लोकरी कोट बसवलेला होता. होय, बसवलेलाच. आत उशी कोंबलेली, मोठाली बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि छातीवरून सीटचा पट्टा. बर्निसने कोट लगेच ओळखला. दोन वर्षांपूर्वी हल शहरातल्या सेलमध्ये नेव्हिलच्या बायकोने, अॅव्हरिलने तो घेतला तेव्हा बर्निसच बरोबर होती. तिने मान दुसरीकडे फिरवली.

"तो राहू दे तसाच," ती म्हणाली. "आधी तू उतर. लगेच."

आता या कोटाचं सांगायला हवं. इंग्लंडमधल्या गूल गावच्या त्या ट्रकच्या यार्डात एक रीत होती. ड्रायव्हर निवृत्त व्हायला निघाला की शेवटची फेरी त्याच्या पसंतीची, आणि त्या फेरीला बायको शेजारी. एरवी गाडीत बाहेरचं माणूस घ्यायला सक्त मनाई. विमा, नियम, शंभर भानगडी. पण त्या एका फेरीपुरतं मालक डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा. शुक्रवारी गाडी फाटकातून आत आली की यार्डात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवायच्या, आणि मालक स्वतः जाऊन बायकोच्या बाजूचं दार उघडायचा. बस्स, एवढंच. घड्याळ नाही, भाषण नाही. पण गावातल्या बायका त्या फेरीसाठी केस सेट करून घ्यायच्या.

अॅव्हरिलने या फेरीची चौतीस वर्षं वाट पाहिली. नेव्हिल दर आठवड्याला मत्स्यशेतीच्या खाद्याच्या गोण्या घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबनला जायचा आणि माल उतरला की तिथून फोन करायचा.

"आज बंदरात सील आलेत. तीन."

"थापा मारतोस."

"देवाशपथ. पाण्यातून डोकी काढून, मिशा फेंदारून बघतायत माझ्याकडे."

"मग मला दाखव ना कधी."

"दाखवीन की. शेवटच्या फेरीला."

म्हणून तो कोट. "ओबनला वारा असतो म्हणतोस ना, मग जाड घेते," असं म्हणत तिने घेतला आणि कपाटात टांगून ठेवला. एकदाही अंगात घातला नाही. ऑक्टोबरात अॅव्हरिल गेली. कोटाला किमतीचं लेबल तसंच होतं, ते नेव्हिलने आज सकाळी कात्रीने कापलं.

ऑफिसात रसेल फायलीवर कागदी पिशवी ठेवून सॉसेज रोल खात होता. कुठली गाडी कधी कुठे जाणार हे ठरवणं त्याचं काम. वय अडतीस, पण चेहरा असा की गेली दहा वर्षं झोपच झाली नसावी.

"बस, नेव्हिल," तो म्हणाला. "बर्निसला काहीतरी सांगायचंय."

"मला कशाला पुढे करतोस?" बर्निस फणकारली. मग तिने एक लांब तक्ता टेबलावर सरकवला. "नेव्ह, उद्या तुला जाता येणार नाही. तुझे तास संपले."

नेव्हिल हसला. खिशातून एक चुरगळलेली डायरी काढून त्याने ती थुंकी लावून उलगडली. "बाई, चष्मा बदल. कायद्याने सतरा आठवड्यांत मिळून जास्तीत जास्त आठशे सोळा तास. बरोबर? कालपर्यंत माझे झाले सहाशे सहासष्ट. म्हणजे दीडशे शिल्लक. ओबनला जाऊन यायला लागतात वीस. मी काय शाळेत गेलो नाही?"

"आणि रजा?"

"कसली रजा?"

"अॅव्हरिल आजारी होती तेव्हाची. तीन आठवडे."

"तेच तर! ते तीन आठवडे शून्य. म्हणून तर दीडशे उरले."

यार्डातल्या चहाच्या खोलीत प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगायचा. सुट्टी म्हणजे शून्य, एक आठवडा घरी बस, सरासरी दाणकन खाली येते, मग हवी तेवढी गाडी हाण. कुणी कुणाला सांगितलं, कुठे वाचलं, देव जाणे. आणि नेव्हिलने तर गाडी हाणलीच होती. बायकोला पोचवून आल्यापासून आठवड्याला छप्पन, अठ्ठावन्न तास. रसेल देईल ती फेरी घेतली, दुसऱ्याची नको असलेलीसुद्धा घेतली. कारण त्या घरात त्याला राहवत नव्हतं. दार उघडलं की ती शांतता अंगावर यायची.

"शून्य नाही रे, नेव्ह," बर्निस म्हणाली. "हक्काची रजा कामासारखीच धरतात. दिवसाचे आठ, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. नाहीतर काय होईल, आठ दिवस घरी बसवतील आणि नंतर महिनाभर ढोरासारखं राबवून घेतील. म्हणून कायदा तसा आहे. तीन आठवड्यांचे झाले एकशे चव्वेचाळीस."

नेव्हिलने डायरीकडे पाहिलं. मग मनाशी वजाबाकी केली. "म्हणजे सहा उरतात."

"आज सकाळी उरले होते."

"मग?"

"सकाळी आठला आलास. गाडी धुतलीस, गोण्या चढवल्यास, ताडपत्री बांधलीस. आता दोन वाजून गेलेत."

शेवटच्या फेरीसाठी गाडी चकाचक धुण्यात नेव्हिल केवुडने आपले शेवटचे सहा तास घालवले होते.

"आणि हे मला आज सांगतेस?" तो उसळला.

बर्निसचे डोळे भरले. "चूक माझीच. नागीण झाली म्हणून तीन आठवडे घरी होते ना मी, तर माझ्या जागी आलेल्या त्या पोरीने तुझ्या रजेचे चौकोन कोरेच सोडले. मी आज बेरीज करायला बसले तेव्हा दिसलं. पेन्सिलीने भरले, बेरीज केली, आणि तशीच पळत आले."

"बरं, मग सोमवारी जातो. सोमवारी नवा हिशेब सुरू होतो ना?"

"सोमवारपासून ओबनचं काम दुसऱ्या कंपनीकडे," रसेल म्हणाला. "ही शेवटचीच फेरी. तुझीच नाही, आपल्या सगळ्यांची."

"मग उद्या यार्ड झाडतो. फाटकावर बसतो."

"तेही काम," बर्निस म्हणाली.

"बरं, उरलेली रजा दे दोन दिवस."

"रजेचे दिवसाला आठ तास. सांगितलं ना आत्ता."

"मग काय करू काय मी? काम केलं तर काम, रजा घेतली तरी काम!"

"घरी बस. कोरडा आराम. तो शून्य."

"घरीच तर नकोय गं मला!" नेव्हिल ओरडला.

रसेलने हात पुसले. उठून दार लावून घेतलं. परत येऊन त्याने तक्ता स्वतःकडे ओढला.

"हे बघ. चौकोन कोरे होते, बरोबर? पेन्सिलीनेच भरलेत ना? मग कसली घाई आहे." बोलता बोलता त्याने बर्निसच्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि तिन्ही अठ्ठेचाळीस खोडून टाकले. फुंकर मारून कचरा उडवला. तिथे तीन शून्यं काढली. "बिनपगारी गैरहजर. ते कायद्याने शून्यच. पगार कुणी परत मागणार नाही, ते मी बघतो. तू खाली सही कर, शेजारी बर्निस करेल. उद्या सकाळी सातला निघ. अॅव्हरिलला... म्हणजे कोटाला घेऊन जा."

"रसेल," बर्निस म्हणाली.

"काय रसेल? कुणाचं नुकसान होतंय? बेचाळीस वर्षं गाडी चालवली या माणसाने. कोण येणार आहे तपासायला?"

"आले तर माझी सही आहे तिथे."

"मग ठरव तू. त्याच्या तोंडावर नाही म्हण."

बर्निसने नाही म्हटलं नाही. ती हिटरकडे बघत बसली. अॅव्हरिलच्या आजारपणात, स्वतःला नागीण होईपर्यंत, दर बुधवारी खिमा आणि बटाट्याचा वाडगा घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहायची, तिला सगळं माहीत होतं. नेव्हिलने नुसतं बघितलं असतं तर तिने सही ठोकली असती, हे तिघांनाही कळत होतं.

नेव्हिलने पेन उचललं. कागद जवळ घेतला. आणि त्या तीन शून्यांवर त्याची नजर अडली.

ट्रकमध्ये एक पेटी असते. ड्रायव्हरच्या दिवसातला मिनिट न् मिनिट ती टिपते. तिच्यावर छोटी चित्रं असतात: गाडी चालवतोयस तर चाक, माल चढवतोयस किंवा गाडी धुतोयस तर एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे, आणि आराम करतोयस तर खाट. नव्यानव्याने नेव्हिलने हे घरी स्वयंपाकघरात अॅव्हरिलला समजावून सांगितलं होतं. तिला आठवडाभर हसू आवरेना. त्यानंतर जन्मभर तेच चाललं. शनिवारी तो खुर्चीत पाय पसरून पेपर वाचायला लागला की सिंकपाशी उभी राहून ती म्हणायची, "स्वारी खाटेवर, आणि बाई हातोड्यांवर!" लेकीच्या लग्नातही तिने हे भर मंडळीत सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले.

त्या तीन आठवड्यांत पुढच्या खोलीत दवाखान्याची खाट आणली होती. नेव्हिलला यातलं काही येत नव्हतं. तो जन्मभर घरी पाहुण्यासारखा राहिला होता. नर्सने एकदा दाखवलं, मग तो करायला लागला. दर दोन तासांनी तिला कूस बदलून द्यायची. ओला बोळा ओठांवरून फिरवायचा. चादरी बदलायच्या, धुवायच्या, रेडिएटरवर वाळत घालायच्या. बटाटे कुसकरून चमच्याने भरवायचे, आणि तिने न खाल्लेले स्वतः उभ्या उभ्या संपवायचे. गोण्या उचलून कधी दुखली नाही ती पाठ तिथे मोडून आली. एक दिवस तिला पुसून, कपडे बदलून तो धापा टाकत खाटेच्या कडेला टेकला, तेव्हा ती डोळे न उघडता पुटपुटली, "आज मी खाटेवर, नेव्ह. तू हातोड्यांवर." आणि हसली. ती तिची शेवटची थट्टा.

पेन खाली ठेवून नेव्हिलने विचारलं, "खोडरबर कुठाय?"

"का रे?" रसेल म्हणाला.

"दे इकडे."

त्याने जाड बोटांनी खोडायला सुरुवात केली. एका ठिकाणी कागद फाटता फाटता राहिला. मग बर्निसची पेन्सिल घेऊन त्याने तिन्ही चौकोनांत परत अठ्ठेचाळीस लिहिले. एवढे मोठे, की आकडे चौकोनाबाहेर आले.

"नेव्हिल, वेडा आहेस का? अरे, नुसता कागद आहे तो!" रसेल म्हणाला.

"कागदच आहे. पण त्याच्याखाली सही माझी आहे. ते तीन आठवडे मी काहीच केलं नाही, असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? तिची चेष्टा होईल ती."

"मग गेली तुझी फेरी."

"गेली."

त्याने सही केली आणि तक्ता बर्निसपुढे ठेवला. "आणि अठ्ठेचाळीस कमीच लिहिलेत बरं का तुझ्या कायद्याने. पण असू देत. दुसऱ्या कुणी एवढेही धरले नाहीत."

बर्निसने नाक पुसत सही केली.

गाडी रीमासला दिली. पन्नाशीचा लिथुएनियन माणूस. सात वर्षं या यार्डात होता आणि जेमतेम सात वाक्यं बोलला असेल. नेव्हिल आपला डबा आणि मोजे घ्यायला गाडीपाशी आला तेव्हा रीमास पायरीवर एक पाय ठेवून आत बघत उभा होता.

"मिस्टर नेव्हिल, हा कोट तुम्ही घेऊन जाता का?"

कोट घरी न्यायचा म्हणजे कपाटात टांगायचा. परत त्याच खुंटीवर.

"तुझी अडचण होते का त्याची?"

"नाही. माझी कसली अडचण."

"मग राहू दे. जायचं तिला होतं. मी काय, दर आठवड्याला जातोच की." जरा थांबून तो म्हणाला, "जात होतो."

रीमासने मान हलवली. मग वर चढून त्याने पट्टा ओढून कोट नीट सारखा केला, आणि नेव्हिलला तेवढं पुरलं.

गुरुवार कसा गेला ते त्याचं त्याला माहीत. सकाळी सहाला जाग आली. सातला त्याने चहा ठेवला आणि म्हणाला, निघाले असतील. कुणाला म्हणाला? घरात होतं कोण? पुढच्या खोलीतली खाट परत गेली होती, पण कार्पेटवर तिच्या चाकांचे चार खळगे अजून होते. व्हॅक्यूम फिरवला, ब्रशने घासले, तरी भरून येत नव्हते. तो त्यांना वळसा घालून चालायचा. आठला मोटरवे सोडला असेल. दहाला पेनरिथ. अकराला स्वतःचा कोट अंगात चढवून तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. जायचं कुठे? यार्डात गेलं तर काम, दुकानात गेलं तर "आता कसं वाटतंय, लव्ह?" असं मान कलती करून विचारणाऱ्या बायका. लेकीचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा, आज तर तुमची फेरी ना? हॉर्न वाजतील तेव्हा मला फोनवर ऐकवा हं." तो हो म्हणाला. चाळीस वर्षं तो केबिनएवढ्याशा जागेत बसून होता, तेव्हा कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही. आणि आता एवढं घर, वर दोन खोल्या, खाली दोन, मागे अंगण, आणि याला श्वास पुरेना. दीडला ग्लासगो पार झालं असेल. ओबनच्या अलीकडे डावीकडे तळं लागतं. ती डाव्या बाजूला बसलीय. तिला दिसेल.

संध्याकाळी चारला माल उतरला असेल. नेव्हिल फोनपाशी जाऊन बसला. ओबनहून फोन यायची ती वेळ. पण फोन करायचा तो तिथून, उचलायची ती इथे. आता उलटं होऊन बसलं होतं. फोन काही वाजला नाही.

शुक्रवारी साडेतीनला तो यार्डापाशी आला तेव्हा उजेड उतरायला लागला होता. फाटकाबाहेरच्या फुटपाथवर तो उभा राहिला. आतून बर्निस चहाचा मग घेऊन आली.

"आत ये ना रे. इथे का कुडकुडतोयस?"

"आत आलो की काम धराल. माझे तास संपलेत."

"अरे, चहा प्यायला आलास तर कोण काम धरतंय?"

"तुमचा काय भरवसा? घरी बसून बायकोचं केलं तर ते धरलंत."

बर्निसला हसू आलं. फाटकाखालून ते सरकवायचा लोखंडी रूळ गेला होता. ती त्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली, हा बाहेरच्या. तिने चहाचा मग रुळावरून पुढे केला. "घे, हट्टी माणसा."

रस्त्याच्या टोकाला गाडी दिसली. तीच, त्याने धुतलेली. दोन दिवसांच्या चिखलाने पार माखून आली होती. फाटकाआधी रीमासने ती थांबवली आणि खिडकी खाली केली.

"मिस्टर नेव्हिल. सील होते."

"काय?"

"बंदरात सील. तुम्ही बर्निसबाईंना सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं. मी गाडी वळवून लावली. तिची बाजू पाण्याकडे. जेवलो तिथे. पाऊण तास." त्याने हाताची तीन बोटं वर केली. "तीन."

सात वर्षांत रीमास एवढं कधी बोलला नव्हता. नेव्हिलने नुसता चहाचा मग वर केला. खिडकी बंद झाली आणि गाडी रूळ ओलांडून आत गेली.

हॉर्न कुणी आधी वाजवला ते कुणाला सांगता आलं नाही. एकाने वाजवला, मग दुसऱ्याने, मग यार्डातल्या अकराच्या अकरा गाड्या वाजायला लागल्या. आवाज भिंतीवर आदळून रस्त्यावर आला. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. नेव्हिल फुटपाथवर ताठ उभा होता. खिशातला फोन काढून त्याने तो दोन्ही हातांनी वर धरला होता, लेकीसाठी. पण नंबर लावायचा राहूनच गेला होता.

आत मालक ऑफिसातून बाहेर आला. पंचाहत्तरीचा म्हातारा, एका पायाने लंगडत. रीतीप्रमाणे तो गाडीला वळसा घालून बायकोच्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं. आत पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून बाजूला सरला.

पट्टा बर्निसने सोडवला. उशी काढून सीटवर ठेवली आणि कोट हातावर घेऊन ती फाटकापर्यंत आली. रुळावरून तिने तो नेव्हिलकडे दिला.

"घरी जाशील ना सरळ?" तिने विचारलं.

"जातो."

घरी आल्यावर त्याने कोट दिव्याखाली धरला. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत पट्ट्याची तिरकी घडी पडली होती. सहाशे मैल पट्टा बांधून बसल्यावर माणसाच्या अंगावर पडते तशीच. ओला कपडा टाकून इस्त्री फिरवली असती तर एका मिनिटात गेली असती. अॅव्हरिलने फिरवली असती.

त्याने घडीवरून एकदा बोट फिरवलं. मग कोट तसाच कपाटात टांगला आणि इस्त्री होती तिथे राहू दिली.